पडदे उखडलेली गिटार

दिवाळी पाडव्याची पहाट. नाशिकच्या नेहरू चौकात पिंपळपारावर मैफल सुरू व्हायची असते. तानपुरे जुळत असतात, माइकवाल्याची धावपळ चाललेली असते, लोक शुभेच्छा देत-घेत जागा धरत असतात. त्या गलक्यातही तयार कानाच्या माणसाला एक गोष्ट ऐकू येते. खर्जाची तार षड्जात मिळवलेली असते, पण तिच्यातून गांधार वर येत असतो. तो कोणी छेडलेला नसतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ज्या गावात रामनाम आधार आश्रम काढला आणि जिथे 1921 मध्ये त्यांचे चिरंजीव डी. व्ही. पलुस्कर जन्मले, त्या गावच्या श्रोत्याला हा गांधार वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हाच गांधार 1976 साली अमेरिकेत निघालेल्या एका जाझ अल्बममध्ये आहे, आणि तो येतो बेस गिटारमधून. तोवर ऐकणाऱ्याचं ज्या वाद्याकडे सहसा लक्षही जात नसे, त्यातून. वाजवणारा जाको पास्टोरियस, वय 24. रचनेचं नाव ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’. ट्रेसी ही त्याची बायको. सोबत दुसरं वाद्य नाही, गाणारं कोणी नाही. एकटा बेस, आणि त्यावर तारेच्या पोटातले स्वर एकामागून एक बाहेर काढत नेलेले. जाकोबद्दल लिहिताना त्याच्या वेगाचं कौतुक करायची पद्धत आहे. वेग होताच, पण त्याने बदलला तो बेसचा आवाज, आणि तो बदल तानपुरा ऐकत वाढलेल्या कानाला पाश्चात्त्य श्रोत्यापेक्षाही लवकर उमगावा असा आहे.

बेस गिटार हे वाद्य तसं तरुण. त्याआधी जाझमध्ये खालचे स्वर वाजवायचा तो डबल बेस, म्हणजे माणसाहून उंच, उभा धरून बोटांनी छेडायचं लाकडी धूड. ड्रम आणि विजेच्या गिटारी जोरात वाजू लागल्या तसा तो ऐकू येईनासा झाला. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवून पुढे वाद्यं बनवू लागलेल्या लिओ फेंडरने 1951 मध्ये यावर उपाय काढला: गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, चार तारांचा, विजेवर चालणारा बेस. सतारीला असतात तसे त्याला पडदे होते. पडद्यामागे बोट दाबलं की स्वर अचूकच येणार, म्हणून नाव ठेवलं ‘प्रिसिजन’. तारेची लांबी 34 इंच, म्हणजे सुमारे 86 सेंटीमीटर. सगळ्यात जाड तार मोकळी सोडली तर सेकंदाला 41 कंपनं. काळी एक पट्टीच्या तानपुऱ्याचा खर्ज 69 कंपनांच्या आसपास असतो, हे लक्षात घेतलं म्हणजे बेस किती खाली उतरतो याचा अंदाज येईल.

नाशिककरांना खालच्या आवाजाचं अप्रूप नाही. मिरवणुकीतला नाशिक ढोल छातीवर आदळतो. पण ढोलाचा तो आवाज लय देतो, स्वराशी त्याला फारसं कर्तव्य नसतं. बेसला दोन्ही सांभाळावं लागतं. एकीकडे ड्रमरच्या पायाशी लय जुळवायची, दुसरीकडे वर चाललेल्या सुरावटीला बुडाशी कोणता स्वर हवा ते दाखवायचं. बुडाचा एक स्वर बदला, वर काहीही न बदलता सगळ्या गाण्याचा रंग पालटतो. जाझमध्ये बेसवाल्याने मात्रेमात्रेला एक स्वर टाकत चालत राहायचं, ही जुनी रीत. काम महत्त्वाचं, पण पडद्यामागचं.

1951 या सालाची एक गंमत आहे. फेंडरचा बेस बाजारात आला त्याच वर्षी, 1 डिसेंबरला, पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनला जाको जन्मला. आणि त्याच वर्षी इकडे भगवानदादांचा ‘अलबेला’ झळकला. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, हे पुणतांब्याचे. मनमाडहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर वाटेत त्यांचं गाव लागतं. त्यांच्या शेजारी होता गोव्यातल्या आल्दोनाचा ट्रम्पेटवाला आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला मुंबई चिक चॉकलेट या नावाने ओळखायची. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकी बँड मुंबईच्या ताजमध्ये येऊन वाजवून गेला तेव्हापासून या शहरात जाझचे कान तयार होत होते. रात्री हॉटेलात जाझ आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाचं गाणं, असं गोव्याच्या वादकांचं आयुष्य होतं. त्यांच्यामुळे जाझ आपल्या आजी-आजोबांच्या रेडिओत शिरलं, आणि ‘अलबेला’ची गाणी गुणगुणणाऱ्या बहुतेकांना ते जाझशी नातं सांगतं याचा पत्ताही नव्हता. त्या वाद्यवृंदांत बेस म्हणजे अर्थातच डबल बेस. बेस गिटार मागाहून आली.

जाको वाढला फ्लोरिडात, फोर्ट लॉडरडेलला. समुद्रकाठचं गाव, रेडिओवर क्यूबा आणि कॅरिबियन बेटांचं संगीत, क्लबांतून सोल आणि रिदम अँड ब्लूज. तो आधी ड्रम वाजवायचा. फुटबॉल खेळताना मनगट दुखावलं, ड्रम सुटला आणि बेस हातात आला. ड्रमरचा हिशेब मात्र हातातून गेला नाही. 1972 मध्ये वेन कॉक्रन या गायकाच्या सी. सी. रायडर्स या बँडबरोबर तो गावोगाव फिरत वाजवत होता. रोज रात्री नाचणाऱ्या गर्दीसाठी वाजवायचं म्हणजे लय ढळून चालत नाही. त्याची खरी तालीम तिथे झाली. जेरी जेमॉट आणि जेम्स जेमर्सन या सोल संगीतातल्या बेसवाल्यांचं ऋण त्याच्या वाजवण्यात सरळ ऐकू येतं.

त्याचं वाद्य होतं 1962 चा फेंडर जाझ बेस. त्याचे पडदे काढून टाकलेले होते. ते त्याने स्वतः लोणी लावायच्या सुरीने उपटले, असं तो सांगायचा. कधी कधी हीच गोष्ट वेगळीही सांगायचा. पडद्यांच्या खाचा लाकडाच्या पुटीने बुजवल्या आणि वर होड्यांना पाणी लागू नये म्हणून मारतात त्या इपॉक्सीचे थर चढवले. हा लेप चैनीचा नव्हता. इतर बरेच बेसवाले तेव्हा गुळगुळीत, चपट्या गुंडाळीच्या तारा वापरायचे. जाकोला हव्या होत्या गोल गुंडाळीच्या, खरखरीत पोलादी तारा, कारण त्यांचा आवाज उजळ. अशा तारा पडदे नसलेल्या उघड्या लाकडावर घासल्या तर थोड्या दिवसांत लाकूड कानशीने खावं तसं खाऊन टाकतात. म्हणून होडीचा लेप.

त्या कडक, तुकतुकीत पाटीवर बोट दाबलं की तार बोटाच्या पुढे लगेच मोकळी होत नाही. काही अंतर ती पाटीला चाटत, हलकेच शिवत थरथरते. पडदा असता तर धातूच्या एका धारेवरून ती स्वच्छ सुटली असती. या शिवण्यामुळे आवाज सुरुवातीला दबलेला निघतो आणि मग फुलतो. तोंड मिटून धरलेला स्वर हळूहळू ओठ उघडत ‘म्वाँव’ करत बाहेर यावा तसा. मिरजेचा तानपुरा करणारा कारागीर घोडीवर जे करतो ते हेच. घोडीचा माथा तो अगदी किंचित उताराचा घासतो, त्या उतारावर तार शिवत राहते, खाली सुताचा दोरा सरकवून शिवण्याची जागा पक्की केली जाते, आणि तारेचा आवाज एकदम झणकारतो. त्यालाच आपण जवारी म्हणतो. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या घासण्यातल्या हातासाठीही आहे, असं मी मानतो. तानपुऱ्यात जवारी घोडीपाशी असते. जाकोच्या बेसवर ती बोटापाशी असायची, आणि बोट जाईल तिथे जायची. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने दोन्हीकडे एकच घडतं: तारेची काही ऊर्जा मूळ स्वरातून निघून वरच्या स्वरांशांत, म्हणजे तिच्या पोटातल्या स्वरांत, जाते. जाकोला तानपुरा माहीत होता असा दावा मी करत नाही. त्याची गरजही नाही, तार दोन्हीकडे तीच.

पडदे गेले की सुरेल राहण्याची जबाबदारी बोटावर येते. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अर्धस्वराचे 100 भाग केले तर मोकळ्या तारेच्या टोकापाशी बोट एक मिलिमीटर सरकलं की स्वर सुमारे 2 भागांनी हलतो. तारेच्या मध्यावर, म्हणजे तार षड्जापाशी, तेवढ्याच सरकण्याने 4 भागांनी. आपली लहान श्रुती साधारण 22 भागांची. म्हणजे मध्यावर बोट अर्ध्या सेंटीमीटरने चुकलं की एक श्रुतीभर बेसूर. आणि हे उभ्याने, हलत्या शरीराने, चार मात्रांत सोळा स्वरांच्या तुकड्यांत वाजवताना. सरोदवाल्यांना यात काही नवल वाटणार नाही, त्यांचं सगळं आयुष्य याच पाटीवर जातं. पण सरोदिया सहसा पियानोबरोबर वाजवत नाही. जाकोला पियानो आणि सिंथेसायझर यांच्या ठाशीव, समान वाटण्यांच्या स्वरांशी मिळून राहायचं होतं, आणि मधल्या मोकळ्या जागेत स्वर ओढून, कंप देऊन गायचंही होतं. त्याच्या ‘कंटिन्युअम’ या रचनेत तो दोन तारा एकदम धरून त्यांना हलका कंप देतो तेव्हा दोन स्वर एकमेकांपासून केसभर ढळतात आणि परत येतात. माणसाच्या गळ्यात होतं तसं.

आता उजवा हात. जाझ बेसवर तारेखाली तिची थरथर टिपणारे विजेचे दोन ग्राहक (पिकअप) असतात, एक मानेकडे, एक घोडीकडे. मानेकडचा आवाज भरीव, गोल. घोडीकडचा बारीक, नाकातला. बहुतेक बेसवाले मानेकडे छेडत. जाको घोडीकडचा ग्राहक चढवायचा आणि बोटंही तिथेच चालवायचा. तार टोकाजवळ छेडली की मूळ स्वर क्षीण होतो आणि स्वरांश जोर धरतात. खर्जाच्या वाद्यातून खर्ज कमी करायचा, हे वरवर उलटं वाटेल. पण आपला कान विचित्र हुशार आहे. 82, 123, 164, 205 अशी कंपनं एकदम कानावर पडली की 41 चा मूळ स्वर प्रत्यक्षात नसला तरी मेंदू तो भरून काढतो. घरी करून बघता येईल असा प्रयोग आहे. मोबाइलच्या बोटभर स्पीकरला 41 कंपनं काढताच येत नाहीत, तरीही त्यावर जाकोचा बेस स्पष्ट कळतो. जुन्या गोल आवाजाचा बेस मात्र त्याच मोबाइलवर विरून जातो. जाकोला मोबाइल ठाऊक नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर ड्रम, सॅक्सोफोन आणि सिंथेसायझरच्या भिंतीआडून बाहेर कसं यायचं हा प्रश्न होता. आवाज नुसता मोठा करून तो सुटला नसता.

इथून ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ उलगडतं. तार छेडली की ती पूर्ण लांबीने हलते, आणि त्याच वेळी अर्ध्यात, तिसऱ्या भागात, चौथ्यात, पाचव्यातही हलत असते. बोट तारेवर न दाबता नुसतं टेकवलं आणि छेडलं की बाकीची हालचाल मरते, त्या बिंदूशी जुळणारी तेवढी उरते. अर्ध्यावर टेकवा, वरचा षड्ज. तिसऱ्या भागावर, पंचम. चौथ्यावर, आणखी वरचा षड्ज. पाचव्या भागावर टेकवलं की गांधार, तोच तानपुऱ्यातला. बेसच्या पाटीवर ही जागा चौथ्या पडद्याच्या अर्धा सेंटीमीटर अलीकडे येते. पडद्यावरच बोट ठेवलं तर स्वर मळकट निघतो. गिटारवाल्यांना पहिले दोन-तीन स्वर ठाऊक होते, वाद्य मिळवायला ते वापरतात. जाकोने चार तारांवरचे असे सगळे स्वर गोळा केले, कुठल्या तारेचा कोणता स्वर कुठल्याशी जुळतो ते पाहिलं, आणि त्यांतून चालीला आणि तिच्या खालच्या खर्जाला एकाच वेळी वाजवणारी रचना बांधली.

1977 चा ‘हेवी वेदर’ हा वेदर रिपोर्ट या बँडचा अल्बम. त्यातलं ‘बर्डलँड’ जगभर वाजलं. त्याच्या सुरुवातीची चाल गिटारवर आहे असं अनेकांना वाटतं, ती जाकोच्या बेसवर आहे. इथे तो आणखी एक युक्ती करतो: डाव्या हाताने स्वर धरायचा, उजव्या अंगठ्याने त्या धरलेल्या तारेच्या बरोबर मध्यावर टेकायचं आणि त्याच हाताच्या बोटांनी छेडायचं. प्रत्येक स्वराला अंगठ्याची जागा बदलते. एका हाताला दोन कामं, आणि चाल मात्र सहज, नाचरी.

या बँडचा सूत्रधार व्हिएन्नाचा जो झाविनुल. जाकोने त्याला पाठवलेली टेप ऐकून त्याने विचारलं, तू इलेक्ट्रिक बेसही वाजवतोस का? हा आवाज डबल बेसचाच असणार अशी त्याची समजूत झाली होती. असं सांगतात, आणि ती टेप ऐकली तर खरंही वाटतं.

जाकोच्या 1976 च्या त्या पहिल्या अल्बमची सुरुवात ‘डोना ली’ने होते. चार्ली पार्करच्या नावावर असलेली ही 1940 च्या दशकातली बीबॉप चाल सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटसाठी आहे, वळणावळणाची, श्वास पुरवून फुंकायची. जाकोने ती बेसवर वाजवली आणि साथीला घेतले फक्त डॉन अ‍लायसचे कोंगा ढोल. पियानो नाही, गिटार नाही. खालून आधार देणारं कोणी नसताना तो एकेरी स्वरांतून असा जातो की प्रत्येक ठिकाणी बुडाचा स्वर कोणता असायला हवा ते ऐकणाऱ्याला कळत राहतं. आपल्याकडे सारंगीवाला एकटा वाजवताना ठेका न देताही सम दाखवतो, त्या जातीचं हे काम. पहिल्याच पानावर त्याने असं वाजवणं म्हणजे उर्मटपणा होता, आणि तो उर्मट होताही. आपण जगातले सर्वोत्तम बेसवादक आहोत असं तो अनोळखी माणसाला सांगत सुटायचा.

त्याच्या वेगाकडे येतो, कारण चुकीची नक्कल तिथूनच सुरू झाली. ‘हेवी वेदर’मधलं ‘टीन टाउन’ ऐका. या तुकड्यात ड्रमही त्यानेच वाजवले आहेत. बेसवर सोळाच्या तुकड्यांची अखंड धार चालली आहे असं वाटतं, पण लक्षपूर्वक ऐकलं तर त्यातले कित्येक ठोके स्वरच नसतात. डाव्या हाताने तार दाबून न धरता नुसती झाकायची, उजव्याने छेडायची; निघतो तो ‘टक’. तबल्यावर दाबून वाजवलेल्या बंद बोलासारखा. खरा स्वर त्या टकटकीच्या मधून उसळी मारतो. शिवाय वाजून झालेला स्वर किती लवकर मारायचा याचं त्याचं गणित काटेकोर होतं. जी तार वाजत नाही ती दोन्ही हातांच्या रिकाम्या बोटांनी गप्प ठेवलेली असायची. बेस मोठ्या आवाजात वाजवताना एखादी मोकळी तार गुणगुणत राहिली तर सगळा चिखल होतो. त्याच्या ध्वनिमुद्रणांत असा चिखल मला कुठे सापडलेला नाही.

साथीदार म्हणून तो कसा होता हे ऐकायचं तर गायिका जोनी मिचेलचा ‘हेजिरा’ हा अल्बम घ्यावा, तोही 1976 चा. तिच्या आवाजाच्या खाली तो बुडाचे स्वर इमाने इतबारे मोजत बसत नाही. ती ओळ संपवून श्वास घेते तिथे वर येऊन दोन शब्द बोलावेत तसं बोलतो आणि परत खाली जातो. गायकाच्या मागे हार्मोनियमवर बसलेल्या जाणत्या साथीदाराची ही रीत आपल्या ओळखीची आहे. त्याच वर्षी पॅट मेथीनी या गिटारवाल्याचा पहिला अल्बम ‘ब्राइट साइज लाइफ’ आला, त्यातही बेस जाकोचा. एका वर्षात स्वतःचा अल्बम, हेजिरा, मेथीनी आणि वेदर रिपोर्टमध्ये प्रवेश. इतकं एका वर्षात फार थोड्यांना साधलं असेल.

उतार लवकर आला. 1981 चा ‘वर्ड ऑफ माउथ’ हा मोठ्या वाद्यवृंदाचा अल्बम करून तो 1982 मध्ये वेदर रिपोर्टबाहेर पडला. दारू, अमली पदार्थ, आणि त्याच वर्षी निदान झालेला बायपोलर विकार. न्यूयॉर्कच्या बागांत त्याने रात्री काढल्या. 1986 मध्ये तिथेच त्याचा तो बेस चोरीला गेला. सप्टेंबर 1987 मध्ये फ्लोरिडातल्या एका क्लबच्या दारात झालेल्या मारहाणीनंतर तो शुद्धीवर आला नाही. 21 सप्टेंबरला गेला, वय 35. बेस वीसेक वर्षांनी सापडला आणि मेटालिका या हेवी मेटल बँडच्या रॉबर्ट ट्रुहिओने तो जाकोच्या कुटुंबाकडे परत यावा म्हणून पदरचे पैसे घातले. जाझवाल्याचं वाद्य मेटलवाल्याने सोडवलं, यावरून त्याचा दरारा किती दूर पोचला होता ते कळतं.

त्याच्या पहिल्या अल्बमनंतर दहा वर्षं पडदे काढण्याची साथच आली. ऐंशीच्या दशकातली कितीतरी हळवी पॉप गाणी त्या ‘म्वाँव’ आवाजाने इतकी माखली की कंटाळा यावा. दुसरी टोळी वेगाच्या मागे लागली. वाद्यांच्या दुकानात जाऊन ‘टीन टाउन’ दुप्पट वेगाने वाजवणारी पोरं जगातल्या प्रत्येक शहरात निघाली. या दोन्हींत त्याचा वारसा मला दिसत नाही. मार्कस मिलर पडद्यांचा बेस अंगठ्याने आपटून वाजवतो, जाकोसारखा वाजवत नाही, पण बेस हे पुढे येऊन चाल सांगू शकणारं वाद्य आहे हे गृहीत धरूनच सुरुवात करतो. ते गृहीत धरता येणं, ही जाकोची कमाई.

मुंबईत या वाद्याची वाट वेगळी गेली. सत्तरच्या दशकात आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात बेस गिटार टोनी वाझ वाजवायचे, ड्रमवर फ्रँको वाझ. त्या गाण्यांत बेस किती बोलका आहे हे चांगल्या हेडफोनवर पुन्हा ऐकल्याशिवाय कळत नाही, रेडिओवर तो निम्मा हरवलेला असायचा. 1978 मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने धोबी तलावाजवळच्या रंगभवनात जाझ यात्रा भरली, सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला तिथे उघड्यावर वाजवून गेला. मुंबईचे वादक जगाला समोरासमोर ऐकू लागले. लुई बँक्स पियानोवर, शंकर महादेवन गायला, शिवमणी तालवाद्यांवर आणि कार्ल पीटर्स बेसवर असा ‘सिल्क’ नावाचा बँड पुढे झाला. सरगम, तिहाया आणि जाझचे स्वरसमूह एकत्र चाललेले असताना बेसवाल्याने काय करायचं, याचं उत्तर कोणत्याही अमेरिकी रेकॉर्डवर तयार मिळत नव्हतं. ते इथल्या लोकांनी वाजवत वाजवत शोधलं.

त्या शोधाचं आजचं फळ मोहिनी डे. 1996 मध्ये मुंबईत जन्म, वडील सुजय डे बेसवादक, आई शास्त्रीय गायिका. शाळकरी वयातच तिला रणजित बारोट यांनी आपल्याबरोबर वाजवायला घेतलं. बारोट ड्रमर, गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या बँडमध्ये वाजवलेले, आणि कथक नर्तिका सितारादेवींचे चिरंजीव. म्हणजे त्यांच्या ड्रमच्या मागे घुंगरांचा हिशेब उभा आहे. पुढे मोहिनी ए. आर. रहमान आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजवून गेली, 2023 मध्ये तिचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला. ती कोन्नक्कोल, म्हणजे दक्षिणेतले तालाचे बोल, तोंडाने म्हणते आणि तेच बोल त्याच वेळी बेसवर काढते.

हे नेमकं काय असतं ते एका साध्या तिहाईत पाहता येईल. सोळा मात्रांचं आवर्तन. ‘तदिगिनतोम’ हा पाच मात्रांचा तुकडा समेपासून उचलायचा, एक मात्रा रिकामी सोडायची, पुन्हा पाच, पुन्हा एक रिकामी, पुन्हा पाच. पाच अधिक एक अधिक पाच अधिक एक अधिक पाच, झाले सतरा. सोळाच्या आवर्तनात सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम, आणि तिथे ‘तोम’ पडतो. तबलजी हे करतो तेव्हा समेवर तो फक्त ठोका देतो. बेसवाल्याला त्या ‘तोम’वर लयीबरोबर स्वरही पोचवावा लागतो, आणि तोही बुडाचा, कारण बाकी सगळे तिथेच उतरणार असतात. मधल्या पाचांत तो कितीही उंडारला तरी शेवटचा स्वर चुकला की अख्खा बँड अधांतरी. जाकोची सोळाची धार क्यूबाच्या कोंगांतून आणि सोलच्या ड्रममधून आली होती. मोहिनीची आली ती तिहाईतून. ऐकायला दोन्ही सारख्याच वेगवान, पण जाको आवर्तनाच्या आत डोलत राहतो आणि ती आवर्तनाच्या शेवटाकडे धाव घेते.

तिच्यावर आक्षेप घेतला जातो तो वेगाचाच: स्वर फार, श्वास कमी. काही तुकड्यांबाबत मला तो पटतो. तिच्या बेसवर पडदे आहेत, त्यामुळे मींड ती तार आडवी ओढून घेते आणि ती छोटी असते. आई गायिका, बाप बेसवादक, हाताशी असा ताल. अशा घरातली मुलगी पडदे नसलेल्या बेसवर एखादा विलंबित आलाप करील तर काय निघेल याची मला उत्सुकता आहे. इतक्या तरुण वादकाकडे ते मागायला हरकत नसावी.

नाशिकमध्ये बेस ऐकायचा तर पंचाईत आहे. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत बहुधा बेस गिटार नसतेच, खर्च वाचवायला तो कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर सोपवलेला असतो. त्यात स्वर बरोबर असतो, पण तो कधी संपवायचा हे कोणी ठरवत नाही; पट्टी सुटेपर्यंत तो वाजत राहतो. गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यात सुलाफेस्ट भरतो तेव्हा बँड पूर्ण असतात, तिथे उघड्या रंगमंचासमोर उभं राहून बेस पोटात जाणवतो. मात्र भोंग्यांच्या अगदी पुढे उभं राहू नये. 41 कंपनांची लाट आठ मीटरहून लांब असते आणि मैदानभर पसरते, वरचे स्वरांश मात्र सरळ रेषेत जातात. थोडं मागे, ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याच्या टेबलाशेजारी जागा मिळाली तर दोन्ही सारखं ऐकू येतं. तो माणूस स्वतः तिथे बसतो ते याचसाठी.